जुन्या ज्ञानकोश-संचांचे मूल्यनिर्धारण

जुन्या ज्ञानकोश-संचांचे मूल्यनिर्धारण म्हणजे पूर्वी छापलेल्या बहुखंडी ज्ञानकोशांची पुनर्विक्रीच्या वेळची किंमत ठरविण्याची प्रक्रिया होय. कोशाची आवृत्ती, खंडांची पूर्णता, कागद व बांधणी यांची अवस्था, दुर्मिळता आणि प्रत्यक्ष मागणी हे या प्रक्रियेतील मुख्य घटक आहेत. मूळ खरेदीची किंमत, ग्रंथाचे वय किंवा मजकुराची थोरवी यांपैकी कोणत्याही एका गोष्टीवरून पुनर्विक्रीची किंमत ठरत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या संख्येने छापलेल्या इंग्रजी कोशांना आज रद्दीच्या दरापेक्षा फारसे अधिक मोल येत नाही. याउलट श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ''महाराष्ट्रीय ज्ञानकोशा''सारख्या मर्यादित प्रतींच्या कोशाचा पूर्ण संच संग्राहक आणि अभ्यासक यांना हवा असतो. हा भेद ठाऊक नसल्यामुळे मौल्यवान संच रद्दीत जाणे आणि सामान्य संचाविषयी अवास्तव अपेक्षा बाळगली जाणे, असे दोन्ही प्रकार घडतात.

## पार्श्वभूमी

ज्ञानकोशाचा संच ही दीर्घकाळ प्रतिष्ठेची आणि खर्चाची खरेदी होती. शाळा, महाविद्यालये, सार्वजनिक वाचनालये, वकील, डॉक्टर आणि शिक्षक हे त्याचे प्रमुख ग्राहक होत. मोठी रक्कम एकदम देणे शक्य नसल्याने आगाऊ वर्गणी भरून किंवा हप्त्याहप्त्याने असे संच घेतले जात. एका पिढीने काटकसर करून घेतलेल्या संचाविषयी पुढील पिढीला आत्मीयता वाटणे स्वाभाविक असते. तथापि ही आत्मीयता आणि बाजारातील किंमत या भिन्न गोष्टी आहेत.

१९९० नंतर चित्र पालटले. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा ''एन्कार्टा'' हा संगणकीय कोश १९९३ मध्ये आला व २००९ मध्ये बंद झाला. २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी त्याची मराठी आवृत्ती अस्तित्वात आली. ''एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका''च्या १९९० मध्ये केवळ अमेरिकेत सुमारे १ लाख २० हजार संचांची विक्री झाली होती. त्याच कोशाची छापील आवृत्ती थांबविल्याची घोषणा मार्च २०१२ मध्ये झाली. चालू माहितीसाठी छापील कोश घेण्याची गरज संपल्याने जुन्या संचांची मागणी घटली आणि घराघरांतून बाहेर पडणाऱ्या संचांमुळे पुरवठा मात्र वाढला. किंमत कोसळण्यामागे ही दोन्ही कारणे आहेत.

## मूल्याचे प्रकार

एकाच संचाची वेगवेगळ्या दृष्टींनी वेगवेगळी किंमत होऊ शकते.

* विक्रीमूल्य – इच्छुक ग्राहकाने प्रत्यक्ष दिलेली रक्कम. विक्रेत्याने मागितलेली किंमत म्हणजे विक्रीमूल्य नव्हे.
* व्यापारी मूल्य – जुन्या पुस्तकांचा विक्रेता संच घेताना देतो ती रक्कम. साठवण, दीर्घ प्रतीक्षा आणि नफा यांचा विचार करून ती विक्रीमूल्यापेक्षा बरीच कमी ठेवलेली असते.
* प्रतिस्थापन मूल्य – संच नष्ट झाल्यास तसाच दुसरा मिळविण्यासाठी लागणारा खर्च. विम्यासाठी याचा उपयोग होतो.
* संदर्भमूल्य – अभ्यासकाला होणारा उपयोग. हे पैशांत मोजता येत नाही. परंतु मागणीवर त्याचा परिणाम होतो.
* रद्दीमूल्य – वजनावर मिळणारी रक्कम. कोणत्याही संचाच्या किमतीची ही खालची मर्यादा होय.

## मूल्य ठरविणारे घटक

### पूर्णता

बहुखंडी ग्रंथात पूर्णतेला सर्वाधिक महत्त्व आहे. वीस खंडांपैकी एक खंड नसल्यास किंमत एक विसांशाने घटते असे नाही. ती पुष्कळदा निम्म्याहून खाली येते, कारण नेमका तोच सुटा खंड मिळविणे ग्राहकाला अतिशय कठीण असते. सूचीखंड, पुरवणी खंड आणि नकाशे हे भाग सर्वांत आधी हरवतात. त्यामुळे खंडांची संख्या मोजल्यानंतर प्रत्येक खंडातील चित्रपत्रे व घडीचे नकाशे जागेवर आहेत की नाहीत, हेही पाहावे लागते. उलटपक्षी, एखाद्याकडे तोच एक खंड कमी असेल तर सुट्या खंडालाही चांगली किंमत येऊ शकते.

### आवृत्ती व मुद्रण

पहिली आवृत्ती, सुधारित आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतील फरक शीर्षकपान व त्यामागील मुद्रणविषयक मजकूर यांवरून कळतो. वर्षानुवर्षे खंडशः निघालेल्या कोशांत एकाच संचात पहिल्या आवृत्तीचे आणि पुनर्मुद्रणाचे खंड मिसळलेले आढळतात. अशा मिश्र संचाची नोंद तशीच करणे आवश्यक असते. एखाद्या दुर्मिळ कोशाचे पुनर्मुद्रण झाले की केवळ वापरासाठी तो हवा असणारे ग्राहक नव्या प्रतीकडे वळतात आणि मूळ आवृत्तीची मागणी संग्राहकांपुरती उरते. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांच्या ''महाराष्ट्र शब्दकोशा''चे पुण्याच्या वरदा बुक्स या संस्थेने केलेले पुनर्मुद्रण हे शब्दकोशांच्या क्षेत्रातील असे उदाहरण आहे.

### कागद, बांधणी व अवस्था

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पुष्कळशी छपाई लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या आम्लयुक्त कागदावर झालेली आहे. हवा व प्रकाश यांच्या परिणामाने असा कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि पान उलटताना कडेला तुटतो. या ऱ्हासाचा वेग कमी करता येतो. परंतु झालेली हानी भरून निघत नाही. तपासणीत पुढील गोष्टी पाहिल्या जातात.

* जुजबंदीची शिवण घट्ट आहे की फर्मे सुटू लागले आहेत
* पुठ्ठा आणि पुस्तकाचा कणा यांचा सांधा फाटला आहे काय
* वाळवी, कसर व झुरळे यांनी केलेली छिद्रे अथवा कुरतडलेल्या कडा
* ओलीचे डाग, बुरशी आणि एकमेकांना चिकटलेली पाने
* शाईच्या खुणा, अधोरेखन, कापलेली चित्रे
* चिकटपट्टीने केलेली दुरुस्ती

चिकटपट्टीतील डिंक कालांतराने कागदात उतरून तपकिरी डाग पडतात. त्यामुळे विक्रीपूर्वी हौसेने केलेली अशी डागडुजी किंमत वाढविण्याऐवजी घटवते. मूळ कापडी बांधणी काढून नवी आकर्षक बांधणी केल्यानेही संग्राहकाच्या दृष्टीने मूल्य कमी होऊ शकते.

### दुर्मिळता व मागणी

जुने ते सर्व दुर्मिळ नसते आणि दुर्मिळ ते सर्व मागणीचे नसते. दहा प्रती शिल्लक असलेला ग्रंथ कोणालाच नको असेल, तर त्याला किंमत येत नाही. या दोन्ही अटी एकत्र पूर्ण होतात तेथेच मूल्य वाढते.

### स्वामित्वखुणा

ख्यातनाम व्यक्तीची स्वाक्षरी, टिपा किंवा तिच्या संग्रहाचा शिक्का असल्यास आणि तो विश्वसनीय असल्यास किंमत वाढते. सामान्य मालकाचे नाव अथवा शाळेचा शिक्का असल्यास ती बहुधा कमी होते.

## प्रमुख मराठी कोशसंच

| कोश | संपादक | खंड | प्रकाशनकाळ |
|---|---|---|---|
| महाराष्ट्रीय ज्ञानकोश | श्री. व्यं. केतकर | २३ | १९२० पासून |
| चरित्रकोश (प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन) | सिद्धेश्वरशास्त्री चित्राव | ३ | १९३२, १९३७, १९४६ |
| व्यायाम ज्ञानकोश | द. चिं. मुजुमदार | १० | १९३६–१९४९ |
| सुलभ विश्वकोश | य. रा. दाते, चिं. ग. कर्वे | ६ | १९४९–१९५१ |
| भारतीय संस्कृतिकोश | महादेवशास्त्री जोशी | १० | १९६२–१९७९ |
| मराठी विश्वकोश | तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी व नंतरचे प्रमुख संपादक | २० | १९७६–२०१५ |

### महाराष्ट्रीय ज्ञानकोश

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून परतलेल्या केतकरांनी (१८८४–१९३७) १९१६ मध्ये नागपूर येथे ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी स्थापन केली. राजाश्रयावर न विसंबता भागधारक आणि वर्गणीदार यांच्या बळावर हा कोश उभा राहिला. या प्रयत्नाची हकीकत केतकरांनी ''माझे बारा वर्षांचे काम'' या पुस्तकात सांगितली आहे.

मूल्यनिर्धारणाच्या दृष्टीने या कोशाची रचना ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पहिले पाच खंड हे प्रस्तावनाखंड असून त्यांना ''हिंदुस्थान आणि जग'', ''वेदविद्या'', ''बुद्धपूर्व जग'', ''बुद्धोत्तर जग'' आणि ''विज्ञानेतिहास'' अशी स्वतंत्र नावे आहेत. अकारविल्हे नोंदींचे शरीरखंड सहाव्या खंडापासून सुरू होतात. परिणामी 'अ'पासूनचा खंड हाती आला की तोच पहिला खंड समजला जातो आणि प्रस्तावनाखंड नसलेला संच 'पूर्ण' म्हणून दाखविला जातो. उलट प्रस्तावनाखंड हे स्वतंत्र ग्रंथ वाटल्याने संचापासून विलग होऊन सुटे विकले जातात. वर्णानुक्रम अखंड आहे एवढ्यावरून पूर्णतेचा निष्कर्ष न काढता एक ते तेवीस असे खंडक्रमांक पडताळणे हाच खात्रीचा मार्ग होय.

यातील पुष्कळ माहिती आज कालबाह्य झाली आहे. तरीही विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातील मराठी विद्वत्तेची जगाविषयीची समज, त्या काळी घडविलेली परिभाषा आणि तत्कालीन गावे, संस्थाने व जातिसमूह यांविषयीच्या नोंदी या दृष्टींनी तो इतिहासाचे साधन बनला आहे. जुनेपणामुळे येथे उपयोग संपत नाही, तो बदलतो.

### मराठी विश्वकोश

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले व तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. वाई येथून या कोशाचे काम चालले. ''परिभाषा संग्रह'' १९७३ मध्ये आणि ''अंक ते आतुरचिकित्सा'' हा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८० मध्ये विश्वकोशासाठी स्वतंत्र निर्मिती मंडळ नेमण्यात आले. विसावा खंड २०१५ मध्ये पूर्ण झाला.

पहिल्या आणि अखेरच्या खंडांत सुमारे चार दशकांचे अंतर पडल्याने खासगी संग्रहांत पूर्ण संच क्वचितच आढळतो. आरंभी खंड घेणारा ग्राहक पुढे निवृत्त झाला, स्थलांतरित झाला किंवा दिवंगत झाला, आणि खरेदी मध्येच थांबली. दुसरीकडे, हा कोश शासनाने सवलतीच्या किमतीत उपलब्ध करून दिला आणि त्याच्या काही खंडांची पुनर्मुद्रणेही झाली. शासकीय ग्रंथागारात नवा खंड अल्प किमतीत मिळत असेल, तोवर जुन्या खंडाला त्याहून अधिक किंमत मिळण्याचे कारण नसते. म्हणून संचाचा दर सांगण्यापूर्वी कोणते खंड विक्रीस शिल्लक आहेत याची चौकशी करावी लागते. जे संपलेले असतात त्यांनाच जुन्या बाजारात विशेष भाव मिळतो.

### विशेष विषयांचे कोश

''व्यायाम ज्ञानकोश'' बडोदे येथून प्रसिद्ध झाला. मल्लविद्या, मल्लखांब, देशी खेळ आणि शस्त्रविद्या यांच्या अभ्यासकांना तो आजही उपयुक्त आहे. कोल्हापूरसारख्या कुस्तीची परंपरा असलेल्या भागात अशा ग्रंथाला आस्थेने ग्राहक मिळू शकतो. सर्वसाधारण कोशांपेक्षा विशेष विषयांचे कोश किंमत अधिक काळ टिकवून धरतात, कारण त्यांतील माहिती इतरत्र एकत्रित मिळत नाही. चित्रावशास्त्र्यांचा ''चरित्रकोश'' आणि महादेवशास्त्री जोशी यांचा ''भारतीय संस्कृतिकोश'' यांनाही हे विधान लागू पडते.

## इंग्रजी कोशसंच

महाराष्ट्रातील जुन्या संग्रहांत ''ब्रिटानिका''चे संच वारंवार आढळतात. त्यांच्या आवृत्त्यांत मोठा फरक आहे.

* पहिली आवृत्ती (१७६८–१७७१) – एडिंबरो येथे निघालेली, तीन खंडांची. मूळ प्रत अत्यंत मौल्यवान आहे. तथापि द्विशताब्दीनिमित्त १९६८ मध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती काढण्यात आली व कागद जुना दिसावा म्हणून पानांवर डागही छापण्यात आले. अनेकदा ही प्रतिकृतीच मूळ आवृत्ती समजली जाते.
* नववी आवृत्ती (१८७५–१८८९) – २५ खंड. विद्वानांच्या लेखांमुळे नावाजलेली. हिच्या अमेरिकेत अनधिकृत प्रतीही निघाल्या, त्यांना मूळ आवृत्तीइतके मोल नाही.
* अकरावी आवृत्ती (१९१०–१९११) – २९ खंड, संग्राहकांची आवडती. ती जाड तसेच 'इंडिया पेपर' या अतिशय पातळ कागदावर छापली गेली. संचाचा कागद कोणता, याची नोंद मूल्यांकनात करतात.
* चौदावी आवृत्ती (१९२९ पासून) – हिची दीर्घकाळ वेळोवेळी सुधारून पुनर्मुद्रणे होत राहिली. त्यामुळे केवळ 'चौदावी' म्हणणे पुरेसे नसून मुद्रणवर्ष पाहावे लागते.
* पंधरावी आवृत्ती (१९७४ पासून) – आरंभी ३० आणि १९८५ पासून ३२ खंड. भरपूर प्रती उपलब्ध असल्याने किंमत अल्प असते.

२०१० सालचा अखेरचा छापील संच १,३९५ डॉलरना विक्रीस होता. 'अखेरचा' या नात्याने त्याला थोडे कुतूहलमूल्य आहे. पण त्याआधीच्या काही दशकांतील संचांना ते लाभत नाही.

## मूल्यनिर्धारणाची पद्धत

सर्वसाधारणपणे पुढील क्रम पाळला जातो.

1. शीर्षकपानांवरून कोशाचे नाव, संपादक, आवृत्ती, मुद्रणवर्ष व प्रकाशनस्थळ यांची खंडवार यादी करणे.
2. मूळ खंडसंख्येशी ताडून पूर्णता पाहणे. सूची, पुरवणी व नकाशे यांची स्वतंत्र नोंद करणे.
3. प्रत्येक खंडाची अवस्था दोषांसह लिहिणे आणि छायाचित्रे घेणे.
4. तोच कोश सध्या नव्याने, पुनर्मुद्रित किंवा आंतरजालावर उपलब्ध आहे काय, हे पाहणे.
5. तशाच अवस्थेतील संच प्रत्यक्षात कोणत्या किमतीला विकले गेले याची चौकशी करणे.
6. किमान दोन स्वतंत्र विक्रेत्यांचे किंवा जाणकार ग्रंथपालांचे मत घेणे.
7. बांधणी, वाहतूक आणि मध्यस्थाचा मोबदला वजा करून निव्वळ रक्कम काढणे.

यांतील पाचव्या पायरीवर सर्वाधिक चुका होतात. आंतरजालावर एखादा संच मोठ्या किमतीला 'विक्रीस' दिसतो; परंतु तो वर्षानुवर्षे विकला गेला नसेल, तर त्या आकड्याला पुराव्याचे मोल नाही.

शेवटच्या पायरीचे महत्त्व एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल. दूरच्या ग्राहकाने एका संचाचे ६,००० रुपये देऊ केले. खोकी व बांधणी ४०० रुपये, वाहतूक १,५०० रुपये आणि मध्यस्थाचा दहा टक्के मोबदला ६०० रुपये झाला, तर विक्रेत्याच्या हाती ३,५०० रुपये पडतील. याउलट ''ब्रिटानिका''च्या अखेरच्या संचाचे वजन सुमारे ५८ किलो होते. किलोमागे १२ रुपये दर धरल्यास रद्दीत त्याचे ६९६ रुपये होतात. सामान्य संचासाठी ग्राहकाने दीड-दोन हजार रुपये देऊ केले तरी वाहतुकीनंतर शिल्लक फारशी उरत नाही. म्हणून वजनदार पण सामान्य संच जवळच्या गावात विकणे आणि दुर्मिळ संचासाठीच दूरचा ग्राहक शोधणे सयुक्तिक ठरते.

## ग्रामीण भागातील स्थिती

जुन्या ग्रंथांचा मोठा व्यवहार पुण्यातील अप्पा बळवंत चौकाचा परिसर आणि मुंबईतील फ्लोरा फाउंटन यांसारख्या ठिकाणी केंद्रित झालेला आहे. तालुक्याच्या गावांपासून हे बाजार दूर पडतात. कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्याचे मुख्यालय असलेले गारगोटी हे याचे उदाहरण म्हणून पाहता येते. हे गाव कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर असून पुणे तेथून आणखी सुमारे २३० किलोमीटर आहे. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांच्या प्रेरणेने १९५२ मध्ये येथे मौनी विद्यापीठाची स्थापना झाली आणि ग्रामीण शिक्षणाचे केंद्र म्हणून गारगोटीला ओळख लाभली. अशा शैक्षणिक परंपरेच्या गावांत निवृत्त शिक्षक-प्राध्यापकांच्या घरी कोशांचे खंड असण्याची शक्यता इतर गावांपेक्षा अधिक असते. मात्र त्यांची पारख करणारा व्यापारी जवळपास असेलच असे नाही. घर बदलताना किंवा वारसांमध्ये वाटणी होताना संच वजनावर दिला जातो, किंवा भावंडांत खंड वाटले जाऊन तो कायमचा तुटतो.

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या पट्ट्यातील दीर्घ पावसाळा ही दुसरी अडचण होय. दमट हवेत कागद ओल धरतो, बुरशी येते आणि मातीच्या भिंतीलगतच्या कपाटांना वाळवी लागते. कपाट भिंतीपासून थोडे दूर ठेवणे, खालचा कप्पा जमिनीपासून उंच घेणे, पावसाळ्यानंतर खंड सावलीत मोकळ्या हवेत ठेवणे आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद न करणे, हे साधे उपाय मूल्य टिकविण्यास पुरेसे ठरतात. कडक उन्हात पुस्तके वाळविल्यास कागद अधिक ठिसूळ होतो.

## ग्रंथालयांतील संच

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांत ग्रंथांची नोंद दाखलनोंद वहीत होते. खराब किंवा निरुपयोगी ग्रंथ काढून टाकण्यासाठी निर्लेखनाची रीतसर प्रक्रिया करावी लागते. म्हणून ग्रंथालयाचा शिक्का असलेला संच विक्रीस आल्यास तो रीतसर बाद केल्याचा उल्लेख त्यावर आहे काय, हे खरेदीदाराने पाहणे आवश्यक असते. तसा पुरावा नसल्यास मालकीविषयी शंका निर्माण होते आणि जाणकार ग्राहक असा संच घेत नाहीत.

निर्लेखन करताना 'जुना संदर्भ' या एकाच निकषावर सर्व कोश काढून टाकणे घातक ठरते. तीस वर्षांपूर्वीचा इंग्रजी कोश आणि शंभर वर्षांपूर्वीचा मराठी ज्ञानकोश दोन्ही 'कालबाह्य' ठरत असले, तरी पहिला जगभर हजारोंनी उपलब्ध आहे. दुसऱ्याचा संच नव्याने मिळविता येत नाही. १८५० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरासारखी जुनी ग्रंथालये अशा संचांचा सल्ला घेण्यासाठी किंवा ते जतनार्थ सोपविण्यासाठी विचारात घेता येतात.

## संगणकीय आवृत्त्यांचा परिणाम

''मराठी विश्वकोश'' २०११ पासून आंतरजालावर खुला आहे. ''महाराष्ट्रीय ज्ञानकोश''ही यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या उपक्रमातून आंतरजालावर आला. केवळ वाचनासाठी छापील संच विकत घेण्याची निकड यामुळे राहिलेली नाही. मात्र मूळ पानांची मांडणी, चित्रे, नकाशे, जाहिराती व वर्गणीदारांविषयीचा मजकूर यांचा अभ्यास छापील प्रतीवरूनच नेमका होतो, आणि संगणकीय मजकुरातील शंका मिटविण्यासाठीही मूळ प्रतच पाहावी लागते. म्हणून संगणकीकरणाने सामान्य संचांची किंमत घटविली असली, तरी सुस्थितीतील पूर्ण आणि दुर्मिळ संचांवर त्याचा तुलनेने कमी परिणाम झाला आहे.

## विक्रीखेरीज पर्याय

अल्प किमतीच्या संचासाठी शाळा किंवा वाचनालय यांना देणगी हा मार्ग सुचविला जातो. तथापि जागेच्या अभावी अनेक संस्था जुने कोश स्वीकारत नाहीत. त्यामुळे खंडांची यादी आधी पाठवून संमती घेणे इष्ट असते. अपूर्ण संचाचे सुटे खंड तोच संच अपूर्ण असलेल्या संस्थेला दिल्यास दोन अर्धवट संचांतून एक पूर्ण संच तयार होऊ शकतो. दुर्मिळ मराठी कोशांच्या बाबतीत हा पर्याय विक्रीपेक्षाही अधिक मोलाचा ठरतो.

## हेही पाहा

* महाराष्ट्रीय ज्ञानकोश
* श्रीधर व्यंकटेश केतकर
* मराठी विश्वकोश
* भारतीय संस्कृतिकोश
* ग्रंथसंग्रह
* गारगोटी